‘द न्यू बॉक्स इज डोप’ : ही तक्रार नव्हे, दाद आहे

नाशिकमधील एका तरुण पॅकेजिंग डिझायनरने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. द्राक्षे निर्यात करणाऱ्या एका कंपनीसाठी त्यांनी पाच किलोच्या पेटीचे नवे डिझाइन केले. त्याचा नमुना नेदरलँड्समधील खरेदीदाराकडे गेला आणि तिकडच्या कार्यालयातील एका तरुण कर्मचाऱ्याने एकाच ओळीचे उत्तर पाठवले : ‘द न्यू बॉक्स इज डोप!’ कंपनीच्या मालकांनी शब्दकोश उघडून पाहिला, तेव्हा त्यांना अमली पदार्थ, उत्तेजक द्रव्य आणि मूर्ख माणूस असे तीन अर्थ सापडले आणि ते साहजिकच अस्वस्थ झाले. नंतर कोणीतरी हा शब्द कौतुकाचाही असतो असे सांगितल्यावर त्याच मालकांना पेटीवर ‘डोप ग्रेप्स’ असे छापावे, अशी कल्पना सुचली. तेव्हा या शब्दाचा खरा अर्थ काय, उत्तर देताना आपणही तो वापरावा काय आणि पेटीवर ती ओळ छापावी काय, असे तीन प्रश्न या डिझायनरने मला विचारले आहेत. निर्यातदारांचा परदेशी पत्रव्यवहार मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करून देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे अशा शब्दांशी माझी नेहमीच गाठ पडते. म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. तुमची पेटी त्या कर्मचाऱ्याला मनापासून आवडली आहे. हेच वाक्य आपल्याकडच्या एखाद्या पंचविशीतल्या मुलाने म्हटले असते, तर ते ‘नवी पेटी एकदम कडक झाली आहे’ किंवा ‘पेटी लय भारी आहे’ असे झाले असते. मालकांना सांगताना मात्र ‘नवी पेटी त्यांना फारच आवडली आहे’ एवढेच सांगावे. कारण मूळ वाक्यातील उत्साह पोहोचवणे आवश्यक आहे, त्यातील तरुणाई पोहोचवणे आवश्यक नाही.

मालकांची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. 2010 साली भारतीय द्राक्षांमध्ये सीसीसी या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्यावरून युरोपात माल अडकला होता आणि निफाड, दिंडोरी, पिंपळगाव भागातील ज्यांनी तो हंगाम पाहिला आहे, त्यांना युरोपातून आलेल्या पत्रात रसायनाशी दूरचा संबंध असलेला एखादा शब्द दिसला तरी धडकी भरते. पण हेही लक्षात घ्यावे, की रासायनिक अंशांविषयी तक्रार करणारा खरेदीदार ‘डोप’ हा शब्द कधीही वापरत नाही. त्या पत्रात ‘रेसिड्यू’ म्हणजे अंश हा शब्द असतो, ‘एमआरएल’ म्हणजे अंशांची कमाल अनुज्ञेय मर्यादा असते, प्रयोगशाळेचा अहवाल जोडलेला असतो, कंटेनरचा क्रमांक असतो आणि शेवटी उद्गारचिन्ह नसते. तक्रारीची इंग्रजी भाषा नेहमीच कोरडी आणि नेमकी असते.

आता या शब्दाच्या मुळाशी असलेल्या अडचणीकडे वळतो, कारण मराठी माणसाची खरी गफलत तिथेच होते. ‘डोप’ या शब्दाचा अर्थ त्या शब्दात कमी आणि त्याच्या आजूबाजूच्या बारीकसारीक शब्दांत अधिक आहे. इंग्रजीत नामाआधी ‘अ’, ‘ॲन’ किंवा ‘द’ ही उपपदे लागतात. मराठीत उपपद हा प्रकारच नाही, त्यामुळे आपण इंग्रजी बोलताना ती सहज गाळतो, किंवा नको तिथे घालतो. इतर ठिकाणी या चुकीने फारसे बिघडत नाही. ‘आय बॉट न्यू कार’ असे म्हटले तरी समोरच्याला नवी गाडी घेतल्याचे समजते. ‘डोप’ या शब्दाच्या बाबतीत मात्र एका ‘अ’ने स्तुतीची शिवी होते. ‘ही इज डोप’ म्हणजे तो माणूस झकास आहे. ‘ही इज अ डोप’ म्हणजे तो माणूस बावळट आहे. पहिल्या वाक्यात ‘डोप’ हे विशेषण आहे, दुसऱ्या वाक्यात ते नाम आहे, आणि हा फरक दाखवण्याचे सगळे काम त्या इवल्याशा ‘अ’कडे सोपवलेले आहे.

उपपद बदलून ‘द’ केले की तिसराच अर्थ निघतो. ‘व्हॉट्स द डोप ऑन द न्यू बायर?’ या वाक्यात नव्या खरेदीदाराविषयीची आतली खबर विचारलेली आहे. हा अर्थ आता जुनाट वाटतो, तरी अमेरिकी वृत्तपत्रांत आणि जुन्या गुप्तहेरकथांत तो भरपूर भेटतो. तुम्ही डिझायनर असल्यामुळे ॲनिमेशनच्या कामातील ‘डोप शीट’ तुमच्या पाहण्यात असेलच. कोणत्या चौकटीत काय घडते याची सविस्तर माहिती देणारा जो तक्ता असतो, त्याच्या नावातील ‘डोप’चा अर्थही माहिती असाच आहे आणि ब्लेंडरसारख्या संगणकप्रणालीत तो आजही त्याच नावाने वापरात आहे. आणि वाक्यात कोणतेही उपपद नसताना ‘डोप’ हे नाम म्हणून आले, उदाहरणार्थ ‘ही हॅज डोप’, तर तिथे अमली पदार्थच अभिप्रेत असतो. अमेरिकेत काही ठिकाणी त्याचा अर्थ गांजा होतो, काही ठिकाणी हेरॉइन. दोन्ही अर्थ विमानतळावर सारखेच महाग पडतात. आपल्याकडेही 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा पुरेसा कडक असल्याने हे वाक्य थट्टेतही कोणाविषयी बोलू नये.

याहून नाजूक जागा दुसऱ्या नामाआधी हा शब्द येतो तेव्हाची आहे. ‘अ डोप डिझायनर’ म्हणजे उत्तम डिझायनर. इथे ‘अ’ असूनही अर्थ कौतुकाचाच आहे, कारण ते उपपद ‘डिझायनर’चे आहे, ‘डोप’चे नाही. पण ‘अ डोप डीलर’ म्हणजे उत्तम विक्रेता नव्हे. तो अमली पदार्थ विकणारा. ‘डोप टेस्ट’ म्हणजे छान परीक्षा नव्हे. ती उत्तेजकांची चाचणी. बोलताना इंग्रजी भाषक हा फरक आघाताने दाखवतात. जोडनाम असेल तर जोर पहिल्या शब्दावर, म्हणजे ‘डोप’वर पडतो, विशेषण असेल तर पुढच्या नामावर पडतो. आपण मराठी माणसे इंग्रजी बोलताना दोन्ही शब्दांवर जवळजवळ सारखाच जोर देतो, त्यामुळे आपल्या तोंडी हा फरक पुसला जातो. आणि लिहिताना तर आघात कागदावर उमटतच नाही. ही गोष्ट ‘डोप ग्रेप्स’च्या संदर्भात पुन्हा उपयोगी पडेल.

एकाच शब्दाला इतके अर्थ कसे चिकटले, हे समजले तर ते लक्षात ठेवणे सोपे जाते, म्हणून त्याचा प्रवास थोडक्यात सांगतो. हा शब्द मूळचा डच आहे. डच भाषेत ‘डोप’सारखा उच्चारला जाणारा शब्द बुडवून खायच्या दाट रश्शासाठी होता आणि त्यामागचे क्रियापद बुडवणे या अर्थाचे आहे; इंग्रजीतील ‘डिप’ आणि ‘डीप’ हे शब्दही त्याच घराण्यातले. द्राक्षाचे घड जीए (जिब्रेलिक ॲसिड) या वाढवर्धकाच्या द्रावणात बुडवण्याला आपल्याकडचे बागायतदार ‘डिपिंग’ म्हणतात, तो शब्द म्हणजे या डोपचा सख्खा चुलतभाऊ होय. न्यूयॉर्क 1664 पर्यंत डचांच्या ताब्यात होते आणि तेव्हा त्याचे नाव न्यू ॲमस्टरडॅम होते. अमेरिकी इंग्रजीत ‘बॉस’ आणि ‘कुकी’ हे शब्द डच भाषेतूनच आले. ‘डोप’ हा शब्दही तसाच आला आणि 1807 पासून तो तिकडच्या छापील मजकुरात रस्सा या अर्थाने सापडतो.

रश्शापासून तो कोणत्याही दाट, चिकट मिश्रणाला लागू झाला. वंगणाला डोप म्हणत. नळाच्या आट्यांना लावायच्या लेपाला अमेरिकी कामगार आजही पाइप डोप म्हणतात, ज्या कामासाठी आपल्या सातपूर-अंबडचे फिटर सुतळी आणि सफेदा वापरतात. पहिल्या महायुद्धाच्या काळातील विमानांचे पंख कापडाने मढवलेले असत आणि ते कापड ताणून बसवण्यासाठी त्यावर जो लाखेसारखा थर देत, त्याचेही नाव डोपच होते. एनसीसीच्या हवाई शाखेत छोटी विमाने तयार केलेल्या मुलांना हा डोप त्याच्या उग्र वासासकट आठवत असेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओढण्यासाठी शिजवून दाट केलेल्या अफूलाही हेच नाव मिळाले आणि तिथून या शब्दाची दिशाच बदलली. अफूवरून तो सगळ्या मादक द्रव्यांचा झाला. शर्यतीच्या घोड्यांना काय चारले आहे हे ज्यांना आधी कळे, त्यांच्याकडे ‘डोप’ असे, आणि आतली खबर हा अर्थ तिथूनच निघाला असावा असे मानले जाते. मूर्ख हा अर्थ मात्र वेगळ्या वाटेने आलेला दिसतो. उत्तर इंग्लंडच्या बोलीत तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नोंदलेला आहे.

खेळाडूंचे डोपिंग हा याच शाखेचा विस्तार आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने बंदी घातलेल्या द्रव्यांची पहिली यादी 1967 साली केली, चाचण्या 1968 च्या ऑलिंपिकपासून सुरू झाल्या, जागतिक उत्तेजकविरोधी संस्था 1999 साली स्थापन झाली आणि आपल्या देशात त्याविषयी 2022 साली स्वतंत्र कायदा झाला. त्यामुळे मैदानावर वाढलेल्या कोणाही नाशिककराला ‘डोप’ म्हटले की चाचणीच आठवते, यात नवल नाही. क्रीडाविषयक लेखनात या शब्दाची एक वेगळी व्युत्पत्ती नेहमी दिली जाते : दक्षिण आफ्रिकेत द्राक्षांच्या सालींपासून काढलेल्या दारूला ‘डॉप’ म्हणत आणि झुलू योद्धे ती लढाईपूर्वी घेत, म्हणून हा शब्द आला. द्राक्षांच्या आणि वाइनच्या आपल्या जिल्ह्यात ही कथा फार गोड लागते, पण मी तिच्यावर विसंबणार नाही, कारण अमेरिकेतील रश्शाचा डोप ते मादक द्रव्याचा डोप हा प्रवास छापील पुराव्यांनिशी पायरी-पायरीने दाखवता येतो आणि त्याला आफ्रिकेचा फेरा घ्यावा लागत नाही. हल्ली तरुण मुले या शब्दाचा संबंध डोपामीनशी जोडतात, तो तर पूर्ण चुकीचा आहे. डोपामीनमधील ‘डोपा’ हे डायहायड्रॉक्सिफेनिलॲलनीन या लांबलचक रासायनिक नावाचे आद्याक्षरी रूप आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे सिलिकॉनमधील डोपिंग मात्र खरोखरच याच कुळातील आहे.

मग कौतुकाचा अर्थ कुठून आला? तो आफ्रिकी-अमेरिकी तरुणांच्या इंग्रजीतून, हिप-हॉप संगीताच्या जगातून, 1980 च्या दशकाच्या आरंभी आला. जे द्रव्य अतिशय तीव्र आणि झिंग आणणारे, तसेच गाणे, तसेच बूट, तसाच माणूस, असा तो उलटा चढलेला अर्थ आहे. वाईट शब्दाला वर उचलून त्याचे कौतुक करणे ही त्या बोलीची जुनी सवय आहे. ‘बॅड’ हा शब्दही तिथे कौतुकाने वापरला गेला, आणि ‘सिक’, ‘विकेड’ हे शब्द इंग्रजीच्या इतर बोलींत त्याच वाटेने गेले. आपल्याला हे विचित्र वाटायचे काही कारण नाही. ‘काय खतरनाक गायली ती!’ असे म्हणताना आपण गायिकेला धोकादायक ठरवत नाही आणि ‘विषय हार्ड’ म्हणणाऱ्या मुलाला कोणताही विषय कठीण गेलेला नसतो. पुढे संगीताबरोबर हा शब्द जगभर पसरला आणि डच तरुणही तो वापरू लागले. म्हणजे डचांच्या स्वयंपाकघरातून निघालेला शब्द अमेरिकेचा वेष घेऊन घरी परतला आणि तिथून तुमच्या पेटीवर अभिप्राय म्हणून नाशिकला पोहोचला.

वापराविषयी माझे मत स्पष्ट आहे : हा शब्द समजला पाहिजे, पण व्यावसायिक पत्रात आपण तो लिहू नये. त्या कर्मचाऱ्याने तो वापरला, कारण तो माल घेणाऱ्या बाजूचा आहे, तरुण आहे, कदाचित तुमच्याशी त्याची व्हिडिओ कॉलवर ओळख झालेली आहे आणि मोकळेपणा दाखवण्याचा मान त्याच्याकडे आहे. व्यवहारात असा मोकळेपणा वरून खाली सहज येतो. खालून वर जाताना तो सलगीसारखा दिसतो. आपल्याकडे दुकानदार गिऱ्हाइकाला ‘काय म्हणतोस’ असे विचारत नाही, गिऱ्हाइक मात्र विचारू शकते. शिवाय अनौपचारिक शब्दांना वय असते. 1980 च्या दशकात हा शब्द तरुणपणी वापरणारे लोक आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यानंतरच्या पिढ्यांनीही तो टिकवला हे खरे, पण अगदी कोवळ्या मुलांच्या तोंडी आता ‘फायर’सारखे दुसरे शब्द आहेत आणि आजचा ताजा शब्द उद्या शिळा होतो. परक्या भाषेतील अशा शब्दाचे ताजेपण आपल्याला बाहेरून ओळखता येत नाही, म्हणूनच पत्रात साधे शब्द अधिक सुरक्षित ठरतात.

तेव्हा त्या कर्मचाऱ्याला ‘थँक यू. वुई आर ग्लॅड यू लाइक इट’ एवढे लिहावे आणि लगेच कामाचे विचारावे : डिझाइन मंजूर समजावे काय, छपाईला पाठवण्यापूर्वी काही बदल हवे आहेत काय, त्यांच्या बाजूने अंतिम मान्यता कोण देणार आहे. हा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम लिहितो आहे. ‘बॉक्स इज डोप’ ही दाद आहे, मंजुरी नव्हे. या ओळीच्या आधारावर हजारो पेट्या छापून घेतल्या आणि नंतर त्यांच्या खरेदी विभागाने रंग नाकारला, तर भांडायला तुमच्या हाती एक विशेषण राहील. मंजुरी ‘अप्रूव्ह्ड’ या शब्दात, तारखेसह आणि डिझाइनच्या आवृत्तीच्या क्रमांकासह मागून घ्यावी. परतफेड म्हणून ‘यू आर डोप टू’ असे मात्र लिहू नये. त्यात चुकून ‘अ’ पडला तर काय होते ते वर सांगितलेच आहे. ‘टू’ची स्पेलिंग चुकली तर वाक्य आणखी गोंधळेल.

मित्रांशी, समवयस्क सहकाऱ्यांशी किंवा समाजमाध्यमांवर एखाद्याच्या कामाला दाद देताना हा शब्द वापरायला माझी हरकत नाही. ‘दॅट्स डोप’ ही सर्वांत सुटसुटीत आणि निर्धोक रचना आहे, कारण तिथे उपपदाचा प्रश्नच येत नाही. ‘सो डोप’, ‘प्रिटी डोप’ हेही चालते. ‘डोपर’, ‘डोपेस्ट’ ही रूपे गाण्यांत ऐकू येतात, आपण त्यांच्या वाटेला जाऊ नये. आणि क्रियापद म्हणून तो कधीही वापरू नये : ‘आय डोप्ड’ म्हणजे ‘मी भारी काम केले’ असा अर्थ होत नाही, ‘मी उत्तेजक घेतले’ अशी ती कबुली होते. डिझाइनच्या क्षेत्रात आणखी एका सारख्या दिसणाऱ्या शब्दापासून सावध राहावे. ‘ड्यूप’ हा शब्द सध्या महागड्या वस्तूच्या स्वस्त नकलेसाठी वापरला जातो. ‘द बॉक्स इज अ ड्यूप’ असे कोणी लिहिले तर ती दाद नसून तुम्ही दुसऱ्याचे डिझाइन उचलल्याचा ठपका आहे, आणि तिथे मालकांनी अस्वस्थ होणेच योग्य ठरेल.

आता ‘डोप ग्रेप्स’. कानाला ही ओळ आकर्षक वाटते हे मी मान्य करतो. दोन लहान शब्द आहेत, दोन्हींत ‘प’ आहे आणि तरुण ग्राहकाचे लक्ष जाईल. तरीही ती छापू नये असा माझा स्पष्ट सल्ला आहे. वर सांगितलेला आघाताचा नियम आठवावा : बोलताना ‘ग्रेप्स’वर जोर देऊन कौतुक दाखवता येईल, पण पुठ्ठ्यावर जोर छापता येत नाही, आणि जोर नसलेली ही जोडी ‘डोप डीलर’, ‘डोप टेस्ट’ यांच्याच रांगेत जाऊन बसते. त्यातही बाजारपेठ नेदरलँड्सची आहे, जिथे परवानगीच्या चौकटीत गांजा विकणारी कॉफीशॉप्स 1970 च्या दशकापासून चालत आली आहेत. अमेरिकेच्या काही राज्यांत आणि कॅनडात फळांच्या स्वादाच्या गोळ्यांमध्ये गांजाचा अर्क घालून त्या उघडपणे विकल्या जातात, आणि द्राक्ष हा त्यांचा एक नेहमीचा स्वाद आहे. अशा वातावरणात फळाच्या पेटीवर ‘डोप’ वाचणारा ग्राहक कोणता अर्थ आधी घेईल, हे तुमच्या हातात राहत नाही. जी कंपनी रासायनिक अंशांचा प्रत्येक अहवाल जपून ठेवते आणि प्रत्येक बागेची नोंद ग्रेपनेट या निर्यात-द्राक्षांच्या नोंदणी प्रणालीवर करते, तिने स्वतःच्याच पेटीवर मादक किंवा भेसळीचे द्रव्य सुचवणारा शब्द छापणे हे मला पटत नाही.

मालकांना काही तरुण, खेळकर ओळ हवीच असेल, तर तिचा शोध फळाच्या गुणांत घ्यावा : कुरकुरीतपणा, गोडी, बिया नसणे, सह्याद्रीच्या पायथ्याचा मुलूख. पहिले दोन-तीन मसुदे त्या डच कर्मचाऱ्यालाच दाखवावेत. तो मोकळेपणाने बोलणारा आहे, हे त्याच्या एका ओळीवरून दिसलेच आहे, आणि एखादी ओळ त्याच्या देशातील दुकानात कशी वाचली जाईल हे तो नाशिकमधील कोणाही भाषांतरकारापेक्षा, माझ्यासकट, अधिक नेमके सांगू शकेल.